पालथ्या घड्याळाची पाठ

अंगठ्याने हलकेच ढकलले की रिव्हर्सो या घड्याळाची आयताकृती डबी आपल्या बैठकीतल्या खाचेतून बाजूला सरकते. टोकाला पोहोचली की तिथेच ती कूस बदलते आणि पुन्हा आत लोटली की टक् असा बारीक आवाज करून घट्ट बसते. आता तबकडी मनगटाच्या बाजूला गेलेली असते आणि धातूची गुळगुळीत पाठ वर आलेली असते. 1931 साली हे घड्याळ बाजारात आले तेव्हा ही पाठ कोरी होती, कारण तिचे काम एकच होते: तबकडीच्या वाट्याचा मार स्वतः खाणे. आज, नव्वदहून अधिक वर्षांनंतर, त्याच पाठीवर काही मोजक्या घड्याळांत दुसरी तबकडी आहे, काहींत टूर्बियाँ, म्हणजे घड्याळाचा ठोका सांभाळणारा भाग सतत फिरता ठेवणारी यंत्रणा आहे, तर एका घड्याळात डबीखालच्या बैठकीवर चंद्राच्या गतीचे गणित आहे. कोरी पाठ ते भरलेली पाठ हा प्रवास म्हणजे मौल्यवान, मर्यादित संख्येतल्या यांत्रिक घड्याळांचा थोडक्यात इतिहासच आहे. यांत्रिक घड्याळाची गरज जिथे संपली, तिथेच कल्पकतेला मोकळी जागा मिळाली. ती जागा वाया गेली नाही याचे श्रेय कारागिरांनी स्वतःवर घालून घेतलेल्या दोन मर्यादांना आहे. एक आकाराची, दुसरी संख्येची.

या घड्याळाचे मूळ आपल्या देशात आहे. 1930-31च्या हिवाळ्यात सेझार द ट्रे हे स्विस व्यापारी हिंदुस्थानात आले होते. दंतवैद्यकीच्या सामानाच्या धंद्यातून ते घड्याळांच्या व्यापारात शिरले होते. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार त्यांच्या कानी आली: खेळताना काठीचा किंवा चेंडूचा फटका बसतो आणि घड्याळाची काच फुटते. द ट्रे यांनी हा प्रश्न जाक-डाव्हिड लकूल्त्र यांच्यापुढे ठेवला. लकूल्त्र घराण्याचा कारखाना स्वित्झर्लंडमधल्या जू खोऱ्यातल्या ल सांत्ये या गावी 1833 पासून चालू होता. उलटणाऱ्या डबीची रचना पॅरिसचे रने-आल्फ्रेड शोव्हो यांनी केली आणि 4 मार्च 1931 रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. यातला एक तपशील फार बोलका आहे. पहिल्या रिव्हर्सो घड्याळांतले मशीन लकूल्त्र यांचे स्वतःचे नव्हतेच. ते तावान या दुसऱ्या स्विस कंपनीकडून घेतलेले होते आणि घरचे मशीन बसायला 1933 साल उजाडले. म्हणजे घड्याळाचा उपयोग रोकडा आणि स्पष्ट होता तेव्हा सारी बुद्धी डबीवर खर्च झाली होती. आतले यंत्र साधे, चारचौघांसारखे होते. उपयोगाला तेवढे पुरत होते.

पुढे तो उपयोग ओसरला. 1947 नंतर पोलो खेळणारे गोरे अधिकारी गेले, काचा सुधारल्या, आणि गोल, पाणी न शिरणारी, किल्ली द्यावी न लागणारी घड्याळे लोकांच्या पसंतीस उतरली. आयताकृती, पालथे होणारे घड्याळ अडगळीत पडले. 1972मध्ये इटलीतले विक्रेते जॉर्जो कोर्वो यांनी कारखान्यात पडून असलेल्या सुमारे 200 डब्या उचलल्या, मशीन बसवून विकायला काढल्या आणि त्या पाहता पाहता संपल्या. एवढ्या धाग्यावर हे नाव टिकले. त्याआधीच, 25 डिसेंबर 1969 रोजी, जपानच्या सेको कंपनीने ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले होते. महिन्याला फार तर पाच सेकंदांची चूक, हा त्याचा दावा होता. उत्तम म्हणून प्रमाणित केलेल्या यांत्रिक घड्याळालाही आजच्या स्विस कसोटीत दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची सवलत असते. 1970च्या सुमारास सुमारे 90,000 माणसे ज्या स्विस घड्याळधंद्यावर जगत होती, तो धंदा दीड दशकात जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आला. वेळ अचूक दाखवणे हे यांत्रिक घड्याळाचे जीवितकार्यच दुसऱ्याने हिरावून घेतले होते. रिव्हर्सोच्या बाबतीत तर गरज दुहेरी संपली होती: वेळेसाठी घड्याळ नको आणि रक्षणासाठी पाठही नको.

त्या रिकाम्या पाठीकडे कारागिरांची नजर गेली ती साठाव्या वर्षी. 1991मध्ये रिव्हर्सो बनवणाऱ्या जेजर-लकूल्त्र कंपनीने गुलाबी सोन्यातली फक्त 500 घड्याळे काढली आणि पाठीला काच बसवून आतले यंत्र उघडे केले. त्यानंतर त्याच धातूत, प्रत्येकी 500 या संख्येत, आणखी पाच घड्याळे आली: 1993मध्ये टूर्बियाँ, 1994मध्ये तास-मिनिटे वाजवून सांगणारे, 1996मध्ये स्टॉपवॉचसारखे वापरता येणारे क्रोनोग्राफ, 1998मध्ये जगातल्या निरनिराळ्या शहरांची वेळ दाखवणारे आणि 2000मध्ये कायमचे कॅलेंडर. नऊ वर्षांत सहा घड्याळे झाली आणि दर वेळी आत नवे मशीन होते. हे अवघड का होते, ते आकार पाहिल्यावर कळते. घड्याळातल्या या करामती गोल घड्याळात जन्मल्या आणि वाढल्या. वाजणाऱ्या घड्याळात छोट्या हातोड्या ज्या तारांवर पडतात त्या तारा मशीनभोवती कडे करून बसवलेल्या असतात. आयतात ते कडे बसणार कुठे? कॅलेंडरच्या चकत्या, टेकू, दातेरी पट्ट्या मधल्या अक्षाभोवती पसरतात. आयतात मध्यापासून दोन कडा जवळ असतात आणि दोन लांब. गोल मशीन आणून चौकोनी डबीत कोंबण्याची सोपी वाट अनेकांनी धरली आहे, पण मग कोपरे रिकामे राहतात आणि उघड्या पाठीतून ते सगळ्यांना दिसतात. पाठीला काच लावली त्या क्षणी ती वाट बंद झाली. आकाराची मर्यादा पाळायची तर यंत्राचा आराखडाच नव्याने आखावा लागणार होता, आणि तसाच तो आखला गेला.

मग पाठ खरोखर बोलू लागली. 1994मध्ये एकाच मशीनवर पुढे एक तबकडी आणि मागे दुसरी, अशी दोन देशांच्या वेळा दाखवणारी रिव्हर्सो आली. पुढच्या तबकडीवरचे काटे ज्या दिशेने फिरतात, त्याच्या उलट दिशेने मागचे काटे फिरायला हवेत, तरच दोन्ही बाजू सरळ वाचता येतात. हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण मिलिमीटरभर जागेत तो जास्तीच्या चाकांनी सोडवावा लागतो. 2006मध्ये 75 घड्याळांच्या मर्यादित संचात तीन तबकड्या झाल्या. तिसरी होती डबीखालच्या बैठकीवर, म्हणजे घड्याळापासून सुटा असलेल्या, डबी सरकली की मागे राहणाऱ्या भागावर. तिथले कॅलेंडर चालवायला मशीन नाही. रोज मध्यरात्री डबीतून एक बारीक खिळी बाहेर येते, बैठकीतल्या यंत्रणेला एकदाच ढकलते आणि मागे फिरते. दिवसातून एका स्पर्शावर वार, तारीख, महिना आणि लीप वर्षाचा हिशेब चालतो. 2021मध्ये चौथी बाजूही भरली. 185 क्रमांकाच्या मशीनच्या, चार तबकड्यांच्या या घड्याळाचे फक्त 10 नग निघाले. पौर्णिमा-अमावस्या, चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर आणि त्याचे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीच्या वरखाली होणे, ही तिन्ही चक्रे ते वेगवेगळी मोजते. ग्रहण कधी संभवते ते या तिन्हींच्या मेळातून कळते. आपल्याकडे पंचांगकर्ते जे गणित कागदावर मांडतात, त्यातला एक भाग इथे दातेरी चाकांत मांडलेला आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. फोनवर जे फुकट कळते ते शेकडो सुट्या भागांनी सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हा आक्षेप घड्याळाला निव्वळ वेळेचे साधन मानतो आणि त्या मोजमापात तो खराही आहे. पण एखाद्या विद्येची किंमत तिच्या तातडीच्या गरजेवरच ठरवायची तर पैठणीचा काठ आणि वारली चित्र यांचाही निकाल लावावा लागेल. शिवाय गरज असतानाच कल्पकता बहरते, हे गृहीतकच इथे खोटे ठरते. गरज होती तेव्हा रिव्हर्सोत दुसऱ्याचे मशीन चालून गेले. गरज संपल्यावर मात्र ते चालेना, कारण आता यंत्र हेच घड्याळ विकत घेण्याचे एकमेव कारण उरले होते. उसन्या यंत्रावर असे घड्याळ उभेच राहिले नसते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: मर्यादित आवृत्ती ही किंमत फुगवण्याची युक्ती आहे, 500 हा आकडा काही निसर्गाने ठरवलेला नाही. हे मान्यच करायला हवे. तबकडीचा रंग बदलून, पाठीवर क्रमांक कोरून, आत तेच जुने मशीन ठेवून निघणाऱ्या मर्यादित आवृत्त्या ढिगाने आहेत आणि त्यांच्यावर ही टीका अगदी योग्य आहे. पण म्हणून साऱ्यांना एकाच मापाने मोजू नये. कसोटी सोपी आहे: मर्यादित संख्येबरोबर नवे यंत्र आले का? छोट्या संख्येला या धंद्यात जुनी परंपराही आहे. पॅरिसमध्ये अब्राहम-लुई ब्रेगे यांनी 1797मध्ये एककाटी घड्याळासाठी वर्गणीची पद्धत जाहीर केली. ग्राहकाने किमतीचा चौथा हिस्सा आधी द्यायचा आणि त्या पैशावर काम उभे राहायचे. 1999मध्ये फ्रांस्वा-पॉल जूर्न यांनी आपल्या नावाचे कारखानदारीचे घर उभे केले तेही 20 टूर्बियाँ घड्याळांच्या अशाच वर्गणीवर. अनोळखी यंत्रावर आधी पैसे लावणारी मोजकी माणसे मिळाल्याशिवाय ते यंत्र जन्मालाच येत नाही. संख्या कमी असली की चूक झाली तरी घर बुडत नाही, म्हणून धाडस करता येते. रिव्हर्सोच्या सहा घड्याळांच्या मालिकेने एका कारखान्याला नऊ वर्षे हे धाडस परवडू दिले.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला उत्तर देताना आवाज चढवता येत नाही. चार तबकड्यांच्या त्या रिव्हर्सोची किंमत साडेतेरा लाख युरो होती. जगातल्या दहा धनवंतांसाठी केलेल्या कामाचे इतरांनी कौतुक का करावे? एक उत्तर असे की या विद्येचा झिरपा खाली येतो. पाटेक फिलिप कंपनीने 2005मध्ये सिलिकॉनचे एस्केप चाक (यंत्राची ताकद टप्प्याटप्प्याने सोडणारे चाक) बसवलेली 100 घड्याळे काढली आणि 2006मध्ये सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगची (ठोका राखणाऱ्या बारीक स्प्रिंगची) 300. सिलिकॉनला चुंबकाची बाधा होत नाही आणि तो धातूपेक्षा हलका असतो. त्यावरचे संशोधन पाटेक, रोलेक्स आणि स्वॉच समूहाने न्यूशातेलच्या संशोधन संस्थेबरोबर मिळून केले होते. 2017मध्ये स्वॉच समूहाच्याच टिसॉटने सिलिकॉन हेअरस्प्रिंगचे घड्याळ मध्यम किमतीत विकायला काढले. पण सगळेच असे झिरपत नाही, आणि चंद्राची तीन चक्रे मोजणारे मशीन कधी सामान्य मनगटावर येईल असे म्हणणे ही फसवणूक ठरेल. तिथे उत्तर वेगळे आहे. जे हात असे यंत्र घडवू शकतात, ते काम नसेल तर एका पिढीत नाहीसे होतात. चौकोनात वाजणाऱ्या तारा कशा वळवायच्या हे पुस्तकात उतरत नाही, ते शिकाऊ माणसाला बाकावर शेजारी बसूनच कळते. 2020मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या यांत्रिक घड्याळकलेला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथे सन्मान घड्याळांचा झाला नाही, हातांचा झाला.

म्हणून या इतिहासात खरा धडा त्या कोऱ्या पाठीचा आहे. 1931मध्ये ती कोरी होती तेव्हा घड्याळाला काम होते. ते काम गेल्यावर ती पाठ फेकून देता आली असती. बैठक काढून टाकली, डबी पक्की केली तर घड्याळ स्वस्त झाले असते, पातळही झाले असते. ते न करता सरकण्याचा, कूस बदलण्याचा मूळ नियम तसाच ठेवला गेला आणि त्या नियमाच्या आत राहून काय काय करता येते याचा शोध घेतला गेला. हिंदुस्थानातल्या एका मैदानावर काच वाचवण्यासाठी सुचलेल्या त्या हालचालीवरच आज मध्यरात्री एक खिळी बाहेर येते आणि दिवस पुढे सरकवते.