हाकेला ओ देण्याचा खर्च

हाकेला ओ द्यावी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ओ द्यायलाही पैसे लागतात, हे सहसा कुणी सांगत नाही. मी कवी माणूस, कराच्या आकड्यांपासून दूर राहणारा. तरी अमेरिकेतल्या ९११ या क्रमांकाचा इतिहास वाचताना मी अडखळलो तो या पैशांपाशीच.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्यानं फोन लावला होता, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. त्यातून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. अमेरिकेत पहिला ९११ खणखणला तो १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, अलाबामा राज्यातल्या हॅलीव्हिल या छोट्या गावात.

क्रमांक मिळाला. पण रात्री तीन वाजता तो फोन उचलणारा माणूस, त्याचा पगार, यंत्रणा, फोन कुठून आला हे दाखवणारा नकाशा, यांचं काय? हा भार मुख्यतः राज्यांवर आणि काउंट्यांवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांवर पडला. अनेक ठिकाणी प्रश्न थेट मतपत्रिकेवर आला: या सेवेसाठी कर द्याल का?

मिसुरी राज्याची गोष्ट बोलकी आहे. तिथे काउंट्यांनी मतदारांच्या संमतीनं घरच्या टेलिफोनवर कर बसवला; काहींनी विक्रीकराचा मार्ग धरला. पुढे मोबाइल आले, घरचे फोन सुटत गेले आणि त्यांच्यावरचं उत्पन्न आटलं. मोबाइलवर राज्यभर आकार बसवण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २००२ मध्ये मतदारांनी फेटाळला. अखेर २०१८ च्या कायद्यानं काउंट्यांना महिन्याला १ डॉलरपर्यंत आकार लावण्याची मुभा दिली, तीही मतदारांनी होकार दिला तरच. या साऱ्या काळात श्रीमंत काउंटीतली हाक आणि गरीब काउंटीतली हाक सारखी राहिली नाही.

नकार देणाऱ्यांना मी कंजूष म्हणणार नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांनी ९११ च्या नावानं गोळा केलेला पैसा इतरत्र वळवल्याच्या नोंदी तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगानंच केल्या आहेत. पैसा कुठे जातो हे दिसलं नाही, तर मतदाराचा हात आखडतोच.

आपल्याकडे ११२ ची यंत्रणा २०१८ पासून राज्याराज्यांत सुरू झाली. तिला मोठा आधार मिळाला तो २०१३ मध्ये स्थापन झालेल्या निर्भया निधीचा. त्यासाठी आपल्याला कुणी मत विचारलं नाही. त्यामुळे मिसुरीसारखा नकार आपल्या वाट्याला आला नाही, आणि हिशेब मागायची सवयही लागली नाही.

मिसुरीतला मतदार खूण करतो तेव्हा त्याच्या घरात आग लागलेली नसते. उद्या कुणा अनोळखी माणसाचा फोन उचलला जावा, म्हणून त्याला आज खिशात हात घालायचा असतो. शेजारधर्माची याहून अवघड परीक्षा मला तरी ठाऊक नाही.