मांगर : जांभ्याचा आणि कौलांचा

तळकोकणात मुख्य घरापासून थोड्या अंतरावर, बागेच्या किंवा शेताच्या कडेला असणाऱ्या लहानशा वास्तूला मांगर म्हणतात. अवजारे, लाकूडफाटा, गवत, नारळ, भाताची पोती यांची ही जागा. गावी वडिलोपार्जित जमीन असलेले अनेक शहरवासी असा मांगर स्वतःच्या हाताने बांधू पाहतात. आतून १० फूट बाय १२ फूट मापाचे हे काम हौशी माणसाच्या आवाक्यातले खरे. परंतु वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात हौसेची परीक्षा पहिल्याच मृगात होते.

जमीन शेतीची असल्यास आधी कायदा पाहावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील ‘शेतघरा’च्या व्याख्येत अवजारे, खत, चारा व शेतमाल साठविण्याच्या इमारतीचा समावेश आहे. तथापि काही क्षेत्रांत परवानगी बंधनकारक असल्याने तलाठी आणि ग्रामपंचायत यांच्याकडे चौकशी केल्यावाचून कुदळ मारू नये.

भिंतीसाठी जांभ्याला पर्याय शोधण्याचे कारण नाही. खाणीतून काढताना हा दगड तुलनेने मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होत जातो. चिऱ्याचे माप खाणीगणिक बदलते. साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असा चिरा धरला, तर सात फूट उंचीच्या भिंतींना साडेचारशेच्या आसपास चिरे लागतात. जोते व त्रिकोणी भिंती यांचा हिशेब निराळा. एकेक चिरा सुमारे ३० किलोंचा, तेव्हा दिवसाला किती रचायचे हे उत्साहाने नव्हे, कमरेने ठरवावे.

कोपरा काटकोनात आहे की नाही, हे ३, ४ आणि ५ फुटांच्या दोरीने तपासता येते. १० बाय १२ च्या खोलीचे दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंच भरले पाहिजेत. पाया मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणावा, जोते किमान दीड फूट वर घ्यावे. चिरे भिजवून, सांधमोड करून रचावेत आणि प्रत्येक थराला ओळंबा लावावा. नवख्याची चूक बहुधा पहिल्या थरात होते व ती वरच्या थरांत वाढत जाते. बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, म्हणून दगडकाम फेब्रुवारीपर्यंत उरकलेले बरे.

खरा प्रश्न छपराचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात असंख्य घरांची छपरे उडविली. वारा छपराला केवळ ढकलत नाही, तर वर उचलतो. यासाठी भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा ओतावा व त्यात रोवलेल्या बोल्टांनी माथ्यावरचे आडवे लाकूड जखडावे. वासे त्या लाकडाला नुसत्या खिळ्यांनी न ठोकता लोखंडी पट्ट्यांनी बांधावेत. मंगलोरी कौलांना दर फुटामागे सुमारे सात इंच चढ हवा. तो कमी ठेवल्यास वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली शिरते. वळचणीची आणि कडेची कौले तारेने रिपांना बांधावीत. वळचण दोन फूट बाहेर काढली, की भिंत कोरडी राहते. त्याहून लांब काढण्याचा मोह टाळावा, कारण वारा तिथेच पकड घेतो. पत्रा स्वस्त आणि हलका, पण हाच हलकेपणा वादळात नडतो. आढे चढविताना मात्र एकट्याने धाडस करू नये, तीन माणसे हवीतच.

लाकूड आपल्या जमिनीतले असले, तरी सागासारखी अनुसूचित झाडे तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये परवानगी लागते. कोणतेही लाकूड थेट मातीत रोवू नये. वाळवी दोन-तीन पावसाळ्यांत ते पोकळ करते. दार बाहेर उघडणारे असावे, समोरासमोरच्या भिंतींत वरच्या बाजूस जाळीचे झरोके ठेवावेत आणि पोती जमिनीवर न टेकविता फूटभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत.