कात्रजची दोन तळी: पेशव्यांनी गाळ अडवला, सांडपाण्याचं काय?

शनिवारवाड्यातलं कारंजं सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं पाणी कुठून यायचं? आज त्याच पाण्याबद्दल बोलूया.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरांच्या पायथ्याशी, आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं बांधलं. तिथून दगड-चुन्याचा जमिनीखालचा नळ शहरात आणला. नळ म्हणजे पाइप नव्हे, माणूस आत उतरू शकेल एवढा बोगदाच. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवलेले, हवा खेळायला आणि आत उतरून साफसफाई करायला.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यातली रचना जास्त भावते. तळं एक नाही, दोन आहेत. डोंगरावरून येणारं गढूळ पाणी आधी वरच्या तळ्यात थांबायचं. गाळ तळाशी बसला की निवळलेलं पाणी खालच्या तळ्यात. आपली आजी गढूळ पाणी रांजणात रात्रभर ठेवायची, तेच तत्त्व. आज जगभर पावसाचं पाणी शुद्ध करताना तलावाच्या तोंडाशी असाच छोटा गाळ-तलाव बांधतात.

पण या युक्तीला वेळ लागतो. कणाचा आकार निम्मा झाला, की त्याचा खाली बसण्याचा वेग पावपट होतो. म्हणजे पाणी जितकं संथ, तितकं ते स्वच्छ. आता डोंगरउतारावर इमारती आणि काँक्रीट आलं की पाणी मुरत नाही, धावत येतं. शिवाय बसलेला गाळ काढलाच नाही, तर थांबायला जागाच कमी होते.

दुसरी अडचण मोठी आहे. सांडपाण्यातले विरघळलेले नायट्रोजन-फॉस्फरस कितीही वेळ दिला तरी गाळासारखे खाली बसत नाहीत. तेच जलपर्णीचं खत. पेशव्यांच्या रचनेत या प्रश्नाचं उत्तर नाही, कारण वर तेव्हा शहरच नव्हतं. भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, मांगडेवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. तिथलं सांडपाणी ओढ्यात मिसळण्याआधीच वेगळ्या वाहिनीत घ्यायला हवं. एकदा पावसाच्या पाण्यात मिसळलं, की शुद्ध करायचं पाणी कैकपट वाढतं. उरलेल्यासाठी काठावर पाणवनस्पतींचा पट्टा उपयोगी पडतो, पण ती झाडं वेळोवेळी कापून बाहेर न्यावी लागतात. तिथेच कुजली तर खत परत पाण्यात!

आणि हा प्रश्न फक्त स्वच्छतेचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. सहकारनगर, अरण्येश्वर भागातल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, माणसं गेली. वर पाणी थांबवायची जागा राखणं, हे खाली ओढ्याकाठी राहणाऱ्यांसाठी जिवाचं काम आहे.

पेशव्यांनी नळ बांधताना तो साफ करायची वाटही बांधली होती. आपण नवीन प्रकल्पाचं उद्घाटन करतो, तेव्हा एवढंच विचारूया: याचा गाळ दरवर्षी कोण काढणार? भेटू पुढच्या भागात.