दर्यावरचा परवाना

मंडळी, आज जरा वेगळ्या वाटेने इतिहासात शिरू या.

जपानच्या कोएई कंपनीने १९९० साली समुद्री व्यापाराचा एक व्हिडिओ गेम काढला. इंग्रजीत त्याला 'अनचार्टेड वॉटर्स' म्हणतात. काळ सोळाव्या शतकातला. जहाज घ्यायचं, खलाशी जमवायचे, एका बंदरात स्वस्त माल भरून दुसरीकडे महाग विकायचा, नवे मुलूख शोधायचे, आणि मन झालंच तर चाचेगिरीही करायची! १९९३ च्या दुसऱ्या भागात सहा नायक आहेत : पोर्तुगीज, स्पॅनिश, इंग्रज, डच, इटालियन आणि तुर्की. ही सगळी माहिती आमच्या नातवाची. तो आकुर्डीत बसून सातासमुद्रांवर फिरत असतो.

सहांत आपला एकही नाही, याचं मला काही वाटलं नाही. पण पोर्तुगीज दर्यावर्दी म्हणजे धाडसी शोधक, हे चित्र फार पक्कं बसलंय. आपल्याच किनाऱ्यावर त्यांनी काय केलं, ते मुलांना कोण सांगणार?

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, तेव्हा इथला समुद्र काही रिकामा नव्हता. त्याच्याही सुमारे तीस वर्षं आधी अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा. चौलहून पालीमार्गे घाट चढून तो आला कुठे, तर आपल्या जुन्नरला! आमच्याकडून चाकण, नारायणगाव केलं की आलंच की जुन्नर. तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून धाक घातला. एका खोरासानी माणसाने रदबदली केली म्हणून सुटला बिचारा. मिरी आणि रंग इथे स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रात चाचे फार, अशा अर्थाची तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. अलिबागला जाल तेव्हा जरूर बघा.

म्हणजे जकात होती, चाचेही होते. पण अख्खा समुद्र आमच्या मालकीचा, असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. ते पोर्तुगीजांनी म्हटलं. त्यांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. तो घेतल्याशिवाय व्यापारी जहाजाने समुद्रात जायचं नाही, त्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरायची, ठरावीक माल न्यायचाच नाही. परवाना नसेल तर जहाज जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ च्या सुमारास हजला निघाली, तर तिलासुद्धा या परवान्यापायी सुरतेस बरेच महिने खोळंबावं लागलं. बादशहाच्या घरची ही कथा, मग दाभोळच्या साध्या नाखव्याचं काय? त्या दाभोळने तर आणखी भोगलं होतं. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा १५०८ मध्ये चौलच्या लढाईत मारला गेला. त्या रागात बापाने त्याच वर्षाअखेरीस दाभोळ लुटून जाळलं.

आता आपल्या बाजूला येऊ. आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकात शिवाजी महाराजांचं आरमार म्हणजे जलदुर्ग आणि लढाया. त्यातला व्यापार कुठेच नाही, आणि मला विचाराल तर तोच खरा अभ्यासाचा भाग. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहिलं ते मिठाबद्दल! बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडू लागलं होतं, त्याने संगमेश्वरकडचं मीठ बसेल. तेव्हा बाहेरच्या मिठावर जबर जकात घ्या, अशी आज्ञा. राज्याभिषेकाच्या तीन वर्षं आधी हा राजा मिठाचे भाव बघत होता. हे पत्र वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर पोर्तुगीजांचंच शस्त्र उचललं. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आमचं दस्तक घ्यावं, नाही तर आम्ही पकडू. कार्ताझ काय आणि दस्तक काय, व्यवहार एकच. फरक एवढाच की कान्होजी आपल्या दारातल्या पाण्याबद्दल बोलत होते, आणि पोर्तुगीज हजारो कोस दूरच्या. पण इंग्रजांच्या कागदांत कान्होजी 'चाचा' झाले! १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज पकडलं आणि त्यावरच्या इंग्रज बाईंना तीस हजार रुपये घेऊन सोडलं. ही रक्कम इंग्रज फार काळ विसरले नसावेत. सुभेदारी असलेला सरखेल चाचा आणि दाभोळ जाळणारा व्हाइसरॉय, हा न्याय मला तरी अजून उमगलेला नाही.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले होते, तरी त्यांचं काही चाललं नव्हतं. ते काम शेवटी आपल्याच माणसांच्या मदतीने झालं. तुळाजी आंग्र्यांशी बिनसलं म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जाळलं. पुढच्याच वर्षी हीच जोडी प्लासीच्या मोहिमेसाठी बंगालमध्ये होती.