राखुंडी, काडी, मिश्री

आमच्याकडं 'दात घासणं' हा शब्द फारसा नव्हताच. सकाळी उठलं की विचारायचे, "तोंड धुतलंस का रं?" त्यात दात, जीभ, चूळ, डोळ्यांचं पाणी, सगळं आलं. तोंड धुतल्याशिवाय चहा मिळायचा नाही. पण कुणी कशानं तोंड धुवायचं, हे मात्र वयावर आणि बाई की गडी यावर ठरलेलं. पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव. मी सांगतोय ते १९७५ च्या आगंमागंचं. तेव्हा एका घरात तीन-चार तऱ्हेची दंतमंजनं सुखानं नांदत होती.

गड्यांची काडी. आमचे आबा पहाटे बैलं सोडून रानाकडं निघाले की वाटेतल्या लिंबाची करंगळीएवढी काडी मोडायचे. चावून चावून तिचा कुंचा करायचा, एकेका दातावरनं फिरवायचा, शेवटी तीच काडी मधून चिरून तिनं जीभ खरवडायची. रानात पोचेपर्यंत तोंड धुऊन झालेलं. हिरड्या सुजल्या तर लिंबाऐवजी बाभळीची काडी. ती तुरट, हिरडी आवळून धरते. आबांचे दात सत्तरी ओलांडल्यावरही भाजका हरभरा फोडायचे. आता हे काडीमुळं का त्यांच्या आयुष्यात साखर चहापुरतीच होती म्हणून, हा विचार मी पुढं पुष्कळ केला. मला वाटतं, दोन्हीमुळं. पण साखरेचा हिस्सा मोठा.

पोरांना राखुंडी. गोवरीची राख फडक्यातनं गाळायची, त्यात जाडं मीठ कुटून घालायचं आणि देवळीत डबा ठेवायचा. पहिलं बोट त्यात बुडवून खसाखसा घासायचं. दात पांढरे निघायचे, बोटही काळं निघायचं. राखेत बारीक खर असते आणि रोज रोज घासलं तर दाताचं वरचं कवच झिजतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक. आज शहरात कोळशाची पेस्ट महागामोलानं विकतात ते पाहून आमची आजी पोट धरून हसली असती. दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून माळवदावर फेकायचा. नवा दात येईपर्यंत बोळक्या पोराची सगळी आळी चेष्टा करायची.

आणि बायकांना मिश्री.

मिश्री म्हणजे तंबाखू, हे आधी सांगून टाकतो, कारण गावात कुणी ते असं म्हणत नाही. कडक तंबाखू लोखंडी तव्यावर भाजायची. घरभर ठसका, आम्ही पोरं खोकत अंगणात. पार काळी कोळसा झाली की उतरवायची, हातानं चुरायची, पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी बोटावर चिमूट घेऊन दातांना नि हिरड्यांना चोळायची, खालच्या ओठात थोडी ठेवून द्यायची, आणि तशीच उकिडवं बसून चूल पेटवायची. जेवल्यावर एकदा, निजताना एकदा. कोकणात, मुंबईत हिलाच मशेरी म्हणतात.

ही सवय एका दिवसात आलेली नाही. जुन्या काळी बायका दात मुद्दाम काळे करीत. त्या पुडीला मराठीत दातवण म्हणत, आणि उर्दूत तशाच पुडीचं नाव मिस्सी. आमचा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा मिस्सी आणि मिश्री ही नावं इतकी जवळची निघावीत यात मला नवल वाटत नाही. काळे दात एकेकाळी शृंगार होता. शृंगार गेला, पूड राहिली, आणि तिच्यात तंबाखू येऊन बसली. शृंगाराच्या आणि दंतमंजनाच्या नावाखाली जी तंबाखू घरात आली, तिला कुणी व्यसन म्हटलं नाही. बिडी ओढणारी बाई बदनाम व्हायची. मिश्री लावणारी सासू सुनेला डबी पुढं करायची. माझ्या मायला लग्नाच्या पहिल्या वर्षीच लागली. "पोट साफ होतं," ती म्हणायची. दुसरं कारण ती उशिरा बोलली: "मिश्री लावली की भूक कळत नाही बघ."

विकतची मंजनंही होतीच. किराणा दुकानात माकडछाप काळं मंजन मिळायचं. केशव विष्णु पेंढारकरांनी १९५२ साली मुंबईत, परळला, विकोची सुरुवात केली आणि वज्रदंती घरोघर हिंडून विकली. आमच्याकडं ती यायला बरीच वर्षं गेली. कोलगेट भारतात १९३७ पासून आहे, पण आमच्या घरात आली ती थोरल्या चुलत्याला जिल्हा परिषदेत नोकरी लागल्यावर, पांढऱ्या पुडीच्या डब्यातनं. पुढं कुठल्याही कंपनीच्या पेस्टला 'कोलगेट'च म्हणू लागले. ब्रश मात्र तिघा भावांत एकच. त्याचे केस पार पिसारले की तो सायकलच्या चेनीला तेल लावायच्या कामाला लागायचा.

दात दुखला तर काय? आधी लवंग. मग आठवडी बाजार. तिथं वैदू बसायचे, चिमट्यानं दात उपटायचे. दातातला किडा काढणाऱ्या बायकाही असत. त्या भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर नळीनं दुखऱ्या दातावर घ्यायला लावायच्या. थोड्या वेळानं वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगताना दाखवायच्या. ते बियांच्या आतले कोंब असायचे. यात आपण अडाणी म्हणून लाजायचं कारण नाही. दातात किडा असतो ही समजूत बाबिलोनपासून युरोपापर्यंत सगळीकडं होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ च्या आपल्या ग्रंथात, आपण शोधलं पण किडा काही दिसला नाही, असं लिहिलं, तेव्हा कुठं ती हलायला लागली. आपण तर अजून 'दात किडला' म्हणतोच. धुरानं घटकाभर ठणका कमी व्हायचा, म्हणून लोक जायचे. शिकलेला दंतवैद्य गाठायचा तर फार लांब. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चं, औरंगाबादचं सरकारी दंत महाविद्यालय १९८२ चं. त्याआधीच्या माणसानं चिमट्यापुढं तोंड उघडायचं, एवढंच.

पण आमच्या भागातल्या दाताची खरी गोष्ट उसाच्या फडात आहे. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव गाड्या जुंपून निघायचं. सांगली-कोल्हापूरकडं, बारामतीकडं, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, ती फेडायला चार-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढायचे. माय-दादा गेले की आम्ही कधी आजीजवळ, कधी त्यांच्यासंगं. पहाटे तीनला उठून फडावर जायचं, थंडीनं हात वळत नसायचे. त्या वेळी कोपी-कोपीत आधी मिश्रीची डबी उघडायची, मग चूल. चहाला उशीर झाला तर चालायचं.

लेकरं फडावर दिवसभर ऊस खायची. उसानं दात घासले जातात, असं मोठी माणसं सांगायची. चोथ्यानं थोडे घासले जातातही, पण साखरेचा रस दिवसभर दातांवर राहतो. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताला भोक पाडतं. घासायचं तर रात्री निजताना हवं. ती लेकरं रात्री जेवता जेवता झोपून जायची.

एका हंगामात मायची खालची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला. दवाखान्याला गेलं तर खाडा, खाड्याचा पैसा कापला जाणार, आणि बाई नाही तर कोयताच अर्धा. तिनं दाढेत मिश्री दाबून ठेवली. तंबाखूनं जागा बधिर होते, तशी झाली. ती रोज दाबत राहिली, महिनाभर. गावी येऊन दाढ काढली तोवर शेजारचे दोन दात हलायला लागले होते. पंचेचाळिशीत तिचे खालचे पुढचे दात गेले. हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडायची, हे आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांचं झालं. लोक म्हणायचे, बाळंतपणानं दात जातात.

धाकट्या चुलतीचं याहून वाईट झालं. ती जिथं मिश्री ठेवायची त्याच जागी, ओठाच्या आत, पांढरा चट्टा आला. तिखट लागेना, म्हणून भाकरी पाण्यात कुस्करून खायची. वर्षभर ती कुणाला बोलली नाही. मग बार्शी. आमच्याकडं 'बार्शीला नेलंय' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. तिथं कर्करोगाचं मोठं रुग्णालय आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथंच सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं त्यांनी धरली. चुलती चार वेळा जाऊन आली. पाचव्या वेळी नेलीच नाही.

एप्रिल १९९२ मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीला ना कंपनी, ना लेबल. ती कुठल्या कायद्यात सापडणार? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं फ्लोराइडची दंतमंजनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आमच्या घरी आता सुना-नातवंडं रात्री ब्रश करतात, बारक्याला हरभऱ्याएवढी पेस्ट देतात, त्याच्या मागं लागून थुंकायला लावतात. बिस्किटाचा पुडा मात्र दिवसभर त्याच्या हातात.

माझी एक पुतणी आशाताई आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरून घ्यायचं काम तिच्याकडं असतं. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो आणि तोंडात बरा न होणारा फोड किंवा चट्टा आहे का, हाही. बायका पहिल्या प्रश्नाला सरळ "नाई बाई, आपून काही खात नाई" म्हणतात. खोटं नाही बोलत त्या. त्यांच्या लेखी ते खाणं नाहीच. म्हणून ती फॉर्मवरचं बाजूला ठेवून विचारते, "काकू, तोंड कशानं धुता?"

मग डबी पदराखालून निघते. पुतणी ओठ खाली ओढून बॅटरीच्या उजेडात बघते, आणि पुढच्या घरी जाते. हे काम ती गुढीपाडव्यानंतर उरकते, टोळ्या कारखान्यावरनं परत आलेल्या असतात तेव्हा.