पुंज गुप्तलेखन आणि प्रकाशीय तंतुजाल

पुंज गुप्तलेखन आणि प्रकाशीय तंतुजाल : सांकेतिक संदेश उलगडण्यास लागणारी गुप्त किल्ली प्रकाशाच्या एकेकट्या कणांमार्फत, म्हणजे फोटॉनांमार्फत, पाठविण्याच्या पद्धतीस पुंज अथवा क्वांटम गुप्तलेखन म्हणतात. संदेश नेहमीच्याच मार्गाने जातो. किल्ली तेवढी या रीतीने नेली जाते.

काचतंतू किंचित वाकविला, तर त्यातून थोडा प्रकाश बाहेर झिरपतो व तो टिपता येतो. त्यामुळे तंतुजालाची गुप्तता प्रामुख्याने गणितावर अवलंबून राहिली. रिव्हेस्ट, शामीर व एड्लमन यांची १९७७ मधील आरएसए पद्धत मोठ्या संख्येचे मूळ अवयव काढणे अतिशय कठीण असते, या गोष्टीवर आधारलेली आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये पुंज संगणकास हे काम झपाट्याने करता येईल, असे सिद्ध केले. एवढा समर्थ संगणक अद्याप बनलेला नाही. परंतु आज तंतूतून जाणारा मजकूर साठवून ठेवून तो पुढे केव्हाही उलगडता येईल. वैद्यकीय नोंदी व राजनैतिक पत्रव्यवहार यांना हा धोका विशेष आहे.

यावरील एक उपाय धोका दिसण्यापूर्वीच सुचविला गेला होता. चार्ल्स बेनेट व झील ब्रासार्ड यांनी तो डिसेंबर १९८४ मध्ये बंगलोर येथील परिषदेत मांडला. फोटॉनाचे ध्रुवण चोरून मोजू गेल्यास ते बदलते, आणि या बदलामुळे चोरी उघडकीस येते. १९८९ मधील पहिल्या प्रयोगात किल्ली हवेतून सु. ३० सेंमी. गेली. उपकरणाचा वीजपुरवठा ध्रुवणागणिक निराळा आवाज करीत असल्याने ही गुप्तता केवळ बहिऱ्या हेरापुरतीच होती, असे ब्रासार्ड यांनी पुढे विनोदाने म्हटले. हा विनोद भविष्यसूचक ठरला : २०१० मध्ये संशोधकांनी प्रखर प्रकाशाने शोधक दिपवून विक्रीस असलेल्या यंत्रांतील किल्ली मागमूस न लागता मिळविता येते, असे दाखविले.

१९९५ मध्ये जिनीव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी सरोवराच्या तळाशी असलेल्या दूरध्वनी तंतूतून जिनीव्हा ते न्यॉं असे सु. २३ किमी. प्रयोग केले. खरी अडचण मात्र लांब अंतराची आहे. उत्तम तंतूतही १०० किमी. नंतर शंभरातील एकच फोटॉन उरतो आणि २०० किमी. नंतर दहा हजारांतील एक. नेहमीचे वर्धक येथे निरुपयोगी ठरतात, कारण अज्ञात पुंज स्थितीची हुबेहूब प्रत काढता येत नाही (१९८२). म्हणून २०१७ मध्ये सुरू झालेल्या सु. २,००० किमी. लांबीच्या बीजिंग–शांघाय मार्गावर ३२ विश्वसनीय केंद्रे ठेवावी लागली. प्रत्येक मधल्या केंद्रात किल्ली उघडी होते. म्हणजे तेथे भौतिकीच्या नियमाची जागा पहारेकरी घेतो.

यामुळेच ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने पुंज संगणकासही न उकलणाऱ्या नव्या गणिती पद्धतींना पसंती दिली. अमेरिकेच्या मानक संस्थेने अशा पद्धतींची पहिली तीन मानके ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. त्यांसाठी तंतू बदलावे लागत नाहीत. तथापि त्या संस्थेच्या निवडप्रक्रियेत पुढील फेरीपर्यंत पोहोचलेली साइक ही पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकावर तासाभरात फोडली गेली होती, हे विसरता येत नाही.

भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि दिल्लीची भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांनी प्रयागराज–विंध्याचल या १०० किमी.हून लांब मार्गावर, पूर्वीच टाकलेल्या व्यापारी तंतूतून किल्ली पाठविली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रु. खर्चाच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत २,००० किमी. पर्यंतच्या आंतरनगरीय किल्ली-वितरणाचे उद्दिष्ट ठेवलेले आहे.