प्रिसिजन पल्स जनरेटर म्हणजे काय? गॅमा स्पेक्ट्रोमीटर तपासताना तो कसा वापरतात?

१९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. त्यानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यात किरणोत्सर्ग आहे की नाही, हा वाद पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८८ मध्ये कोर्टाने तज्ज्ञांच्या समितीचं मत घेतलं आणि लोणी खायला सुरक्षित ठरलं. अशा प्रत्येक वादाच्या मुळाशी मशीनने दिलेला एक आकडा असतो. पण मशीन बरोबर मोजतंय हे कशावरून? त्याचं अर्धं उत्तर प्रिसिजन पल्स जनरेटर देतो. लॅबमध्ये त्याला नुसतं ‘पल्सर’ म्हणतात.

सोप्या भाषेत कल्पना

नंदनवनातल्या एखाद्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बघा. फोन चालू होत नसेल तर कारागीर बॅटरी काढतो आणि पॉवर सप्लायवरून बोर्डाला ठरावीक व्होल्टेज देतो. फोन चालू झाला तर दोष बॅटरीत, नाही झाला तर बोर्डात. पल्सरचं काम असंच आहे.

गॅमा स्पेक्ट्रोमीटरमध्ये ही साखळी असते: डिटेक्टर, प्रीअ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅम्प्लिफायर आणि शेवटी मल्टिचॅनल अ‍ॅनालायझर, म्हणजे एमसीए. गॅमा किरण डिटेक्टरमध्ये शिरला की छोटा विद्युतभार तयार होतो. एमसीए पल्सची उंची मोजून त्याला एका चॅनलमध्ये टाकतो. एकाच ऊर्जेचे खूप पल्स जमले की स्क्रीनवर शिखर, म्हणजे पीक, दिसतं. सीझियम-१३७ चं पीक ६६१.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येतं. पल्सर डिटेक्टरची नक्कल करून आपल्याला माहीत असलेल्या उंचीचे पल्स पाठवतो.

साधा फंक्शन जनरेटर का चालत नाही?

कारण सिग्नल फार बारीक असतो. जर्मेनियममध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला साधारण २.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे सीझियमच्या एका किरणातून सुमारे २ लाख २४ हजार जोड्या मिळतात. एवढा भार १ पिकोफॅरॅडच्या टेस्ट कपॅसिटरमधून द्यायचा तर फक्त ३६ मिलिव्होल्टचा पल्स लागतो. त्याची उंची जराही हलता कामा नये. शिवाय आकारही डिटेक्टरसारखा हवा: झटकन चढणारा आणि हळूहळू उतरणारा. याला ‘टेल पल्स’ म्हणतात.

कसा वापरायचा? स्टेप बाय स्टेप

१. डिटेक्टर जोडलेलाच ठेवा आणि त्याचं हाय व्होल्टेज चालू असू द्या. डिटेक्टर काढला तर नॉइज बदलतो, मग टेस्टला अर्थ राहत नाही.

२. पल्सरचं आउटपुट प्रीअ‍ॅम्प्लिफायरच्या ‘टेस्ट’ इनपुटला जोडा. आधी अ‍ॅटेन्युएटर लावून पल्स लहान करा. थेट १० व्होल्टचा पल्स दिला तर प्रीअ‍ॅम्प्लिफायर सॅच्युरेट होतो.

३. ऑसिलोस्कोपवर पोलॅरिटी बघा. डिटेक्टरचा आणि पल्सरचा पल्स एकाच दिशेला हवा.

४. नॉर्मलाइझ करा. समजा डायलचे पूर्ण १० म्हणजे २००० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ठरवले. मग सीझियमसाठी डायल ३.३१ वर ठेवा आणि ‘नॉर्मलाइझ’ नॉब फिरवून पल्सरचं पीक सीझियमच्या पीकवर आणा. आता डायल थेट ऊर्जा सांगतो.

५. डायल १, २, ३ असं ९ पर्यंत नेऊन प्रत्येक वेळी चॅनल लिहून घ्या. ग्राफवर सरळ रेषा आली पाहिजे. रेषा वाकली तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा एमसीए तपासा.

एक गोष्ट विसरू नका: अ‍ॅम्प्लिफायरचं पोल-झीरो अ‍ॅडजस्टमेंट पल्सर बंद करून, खऱ्या सोर्सवरच करायचं. पल्सरची स्वतःची शेपटी असते, तिच्यामुळे सेटिंग चुकतं.

दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं?

पीकची रुंदी बघा, पण अर्ध्या उंचीवर.

- पल्सरचं पीक अरुंद, सोर्सचं रुंद: संशय डिटेक्टरवर.
- दोन्ही रुंद: केबल, अर्थिंग किंवा प्रीअ‍ॅम्प्लिफायर बघा. हाय व्होल्टेज थोडं कमी केल्यावर पीक अरुंद झालं तर डिटेक्टरमधूनच करंट गळत असण्याची शक्यता आहे.

हिशोबही करता येतो. कोबाल्ट-६० च्या १३३२.५ च्या पीकची रुंदी १.९ आणि पल्सरची १.२ असेल, तर वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढा. डिटेक्टरचा वाटा सुमारे १.४७ येतो. नुसती १.९ मधून १.२ वजा करायची नाही.

सुटलेले पल्स मोजणं

एमसीए एक पल्स मोजत असताना दुसरा आला तर तो सुटतो. नमुना जास्त सक्रिय असेल तर आकडा खराखुरा कमी येतो आणि दूषित माल ‘ठीक’ वाटू शकतो. त्यासाठी मोजणीभर सेकंदाला ५० पल्स सोडून ठेवा, पण जिथे नमुन्याचं पीक नाही अशा जागी. १० मिनिटांत ३०,००० पल्स गेले आणि पीकमध्ये २७,००० च दिसले, तर १० टक्के मोजणी हरवली. बाकीच्या पीकच्या मोजणीलाही १.११ ने गुणायचं.

पल्सर काय सांगत नाही?

पल्सरमधून किरणोत्सर्ग निघत नाही, त्यामुळे तो हाताळायला सुरक्षित आहे. पण म्हणूनच डिटेक्टर किती किरण पकडतो, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी प्रमाणित सोर्सच लागतो.

हे काम फक्त ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रापुरतं नाही. युरेनियम शोधणाऱ्या अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे आणि खडकातलं युरेनियम-थोरियम मोजायलाही गॅमा स्पेक्ट्रोमीटरच लागतो. पुढे फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असं मशीन समोर आलं, तर रिपोर्टमधल्या आकड्याआधी एक प्रश्न विचारा: पल्सर टेस्ट शेवटची कधी केली?